दिवस चौथा: बानुएलाबाईंकडे मुक्काम

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दिग्विजयनं मला सांगितलं की मी बेलीझला जाऊन माझ्या आईला भेटून यायचं आहे. ती माझी आई आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी त्या बानुएलाबाई होत्या, वय चोपन्न, मुक्काम टोलेडो जिल्हा, देश बेलीझ, खंड म्हणाल तर मध्य अमेरिका, आणि त्यांच्या घरी एक रात्र राहायला नऊ जणांनी नावं नोंदवली होती. “नऊ झाले, मल्हार,” तो म्हणाला. “आता नुसतं लिहून नाय चालायचं. तू पुढं जा, बाईला भेट, बाथरूम बघ, कमोड आहे का साधं ते बघ, आणि सही घेऊन ये. तिकीट बुक करून टाकलंय, व्हिसाचं बघू.” मी ‘बरं’ म्हणालो असणार, कारण त्यानं अंगठा वर केला आणि तो पाण्याच्या फिल्टरवाल्याशी भांडायला गेला. माझ्या स्क्रीनवर टूकन पक्षी होता. त्याची चोच त्याच्याएवढीच वाटते. मी बराच वेळ त्या चोचीकडे बघत बसलो आणि डोक्यात एकच विचार घोळत होता, की आईला कमोड चालत नाही.

पल्याड ट्रॅव्हल्स नेऱ्यात आहे, दिग्विजयच्या स्वतःच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली एक जिम आणि एक मोमोवाला. ही इमारत उभी आहे तिथं आधी दिग्विजयच्या आजोबांचं वावर होतं आणि त्या वावरात माझे आजोबा मेंढ्या बसवायचे. म्हणजे चार-पाच रात्री सगळा कळप त्या रानात कोंडायचा. रानाला लेंडीखत मिळायचं, आम्हाला ज्वारी. आमच्या तीन पिढ्या त्या जागेवर मेंढरांशेजारी झोपल्या. तिथं खुर्चीवर बसणारा मी पहिला. काम म्हणाल तर तेच आहे, दुसऱ्याच्या रानात काहीतरी टाकून पुढं जायचं. दिग्विजय आधी ताम्हिणीच्या एक दिवसाच्या सहली काढायचा: भजी, धबधबा, परत. मग ताम्हिणीत धबधब्यापेक्षा सहली जास्त झाल्या. तेव्हा एके दिवशी त्यानं जगाचा नकाशा उघडला आणि मला विचारलं, “इथं कोण जात नाय?” मी म्हणालो, बऱ्याच ठिकाणी कोणी जात नाही. तो म्हणाला, “त्यातल्या त्यात हिरवं सांग.” अशा रीतीनं आम्ही टोलेडोत पोचलो. टोलेडो चांगलं आहे. जंगल आहे, आरडाओरडा करणारी माकडं आहेत, कोकोची झाडं आहेत, माया लोकांची गावं आहेत, समुद्रावर ढोल वाजवणारे गारिफुना लोक आहेत, आणि फार वर्षांपूर्वी उसाच्या कामाला नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांची पणतवंडंसुद्धा आहेत. पाऊस भरपूर, पण ताम्हिणीपेक्षा कमी. हे सगळं मी नेऱ्यात बसून शोधलं. माकडांचा आवाज मी हेडफोन लावून इतक्यांदा ऐकला होता की घरी कुकरची शिट्टी झाली तरी मला वाटायचं, नर असणार.

अडचण चौथ्या दिवशी आली. चौथ्या दिवसापुढं दिग्विजयनं ‘स्थानिक कुटुंबात मुक्काम’ असं लिहून ठेवलं होतं, आणि कुटुंब कुठलं, हा तपशील त्यानं माझ्यावर सोडला होता. इंटरनेटवर नद्या सापडतात, पक्षी सापडतात, कुटुंब सापडत नाही. सापडतं ते हसत असतं, आणि हसणाऱ्या माणसांविषयी दीडशे शब्द लिहिता येत नाहीत. संध्याकाळचे सहा वाजले होते, मला भूक लागली होती, एसी बंद झाला होता आणि माझ्या सॅकला मेंढरांचा वास येत होता. तो येतोच, सॅक घरी दावणीजवळ टांगलेली असते. तो वास नाकात असताना मी लिहिलं: “नदीच्या वरच्या अंगाला बानुएलाबाईंच्या घरी मुक्काम. त्यांचे पती समुद्रावर गेले, ते परत आले नाहीत. त्या एकट्या राहतात. दारात आलेल्या माणसाला त्या आधी पाणी देतात, मग मक्याची गरम भाकरी. जेवण होईपर्यंत त्या तुम्हाला काहीही विचारत नाहीत. नाव नाही, गाव नाही, का आलात हेही नाही. वाटेनं आलेला माणूस आधी भुकेला असतो, बाकीचा नंतर, असं त्या मानतात.” हे सगळं आईचं आहे. आईचं नाव बानूबाई. तिची अर्धी हयात मेंढरांमागं उघड्या माळावर गेली. तिथं दारच नसतं, त्यामुळं येणारा प्रत्येक माणूस दारात आलेलाच असतो, आणि ती खरंच काही विचारत नाही. एकदा एक माणूस दोन दिवस जेवून गेला आणि तो वाट चुकलेला गॅसवाला होता हे तिसऱ्या दिवशी कळलं. आण्णा मात्र समुद्रावर कधी गेले नाहीत. वाक्याला तोल येईना म्हणून मी त्यांना बुडवलं.

लिहिलं तेव्हा काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते आता, मंगळवारी, टूकनच्या चोचीकडं बघताना. आतापर्यंत ती बाई चौथ्या दिवसात गपचूप राहत होती. दिग्विजयनं तिची सही मागितली आणि ती एकदम उभी राहिली. तिचं घर मला दिसायला लागलं: ताडाच्या पानांचं छप्पर, खाली आमचाच पितळी तांब्या. आता तिकडं मध्यरात्र असणार. म्हणजे ती झोपली असणार. एकटी. मी हिशेब केला, तिला लिहिलं फेब्रुवारीत, तेव्हापासून ती तिथं एकटी आहे. रात्रीची माकडं ओरडतात तेव्हा तिला काय वाटत असेल? तिला तिथली भाषा येत नाही. तिला प्रमाण मराठीसुद्धा येत नाही. मी जेवणाचा डबा उघडला आणि बंद केला. शेजारच्या टेबलावरच्या विश्रामनं विचारलं, “काय रे, बरं नाय का?” विश्राम आमच्याकडं व्हिसाचं काम बघतो आणि आतापर्यंत त्याला स्वतःला एकाही देशानं घेतलेलं नाही. मी म्हणालो, “आईची आठवण आली.” तो म्हणाला, “सकाळीच बघितली ना तिला?” मी म्हणालो, “ती नाही.” त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि खुर्ची थोडी सरकवून घेतली.

नऊ जणांपैकी आठ जणांचं मला काही वाटत नव्हतं. ते माकडांसाठी चालले होते, आणि माकडं होती. प्रश्न नलिनीताईंचा होता. नलिनीताई चौसष्ट वर्षांच्या, राहायला बावधनला, एसटीच्या चौकशी खिडकीत एकोणतीस वर्षं बसून रिटायर झालेल्या. गेल्या वर्षी त्यांचे मिस्टर वारले. दर दोन दिवसांनी त्या ऑफिसात यायच्या, पर्समधून प्रश्नांचा कागद काढायच्या, आणि सगळे प्रश्न बानुएलाबाईंचेच असायचे. “त्या खरंच काही विचारत नाहीत?” पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, नाही. “जेवणानंतर?” त्याचंही उत्तर मी दिलं: विशेष नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, “मग माझं नाव घाला. हे बघ, मला एकोणतीस वर्षं माणसं विचारत आलीयत. भोरची गाडी किती वाजता, महाडची कुठल्या फलाटावर. रिटायर झाले, म्हटलं सुटले. तर हे गेले. आता सगळं पुणं विचारतंय. शेवटी काही बोलले का, दुखत होतं का, आता कसं वाटतंय, एकटीला झोप लागते का. भाजीवालाही विचारतो. मला एका ठिकाणी जायचंय जिथं मला कुणी काही विचारणार नाही. तिकडं पृथ्वीच्या पलीकडं असलं तरी चालेल.” मुलगी न्यू जर्सीत असल्यामुळं त्यांच्याकडं अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता आणि तो दाखवला की बेलीझमध्ये सोडतात. बानुएलाबाईंना न्यायला त्यांनी एक पैठणीच्या काठाची पर्सही घेतली होती. ती माझ्या खणात होती. वजनाला हलकी आहे का, हे बघायला दिलेली.

संध्याकाळी गाडीवरून घरी निघालो तर माणजवळ चक्का जाम. पुढं काहीतरी अडलं होतं; काय ते तिथं कधीच कळत नाही, नुसतं सुटल्याचं कळतं. उजव्या बाजूला लांबलचक निळे पत्रे लावलेले होते, आत टॉवर चढत होता. निळे पत्रे बघितले की माझ्या तोंडात लोखंडाची चव येते. मी सहा वर्षांचा होतो. घोडीवर, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी मला बांधलेलं होतं. आमच्यात लहान पोरं सामानात धरतात. आमचा कळप नांद्याकडून नेऱ्याला चालला होता. आमच्यात रीत अशी की कळप हलायच्या आधी एक माणूस पुढं जातो. तो गवत बघतो, पाणी बघतो, रानाच्या मालकाशी बोलून घेतो, आणि परत येऊन ‘हाय’ किंवा ‘न्हाई’ एवढंच सांगतो. त्याच्या त्या एका शब्दावर शेदीडशे जनावरं आणि तीन बिऱ्हाडं उठतात. त्या वर्षी पुढं गेले होते माझे चुलते, जालिंदरकाका. ते गेले आणि वाटेत कुणाच्या तरी लग्नात जेवले, आणि मग ऊन फार होतं, आणि गेल्या वर्षी तर तिथं होतंच गवत. त्यांनी परत येऊन सांगितलं, “हाय.” आम्ही पोचलो तेव्हा तिथं निळे पत्रे होते आणि हिंदी बोलणारा एक वॉचमन. मेंढरं दिवसभराची उपाशी, मागं फिरेनात, रस्त्यावरच बसली. अंधार पडता पडता डंपर आला. सात मेंढ्या. काकांना कुणी काही बोललं नाही. आजोबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी घोडीची दोरी त्यांच्या हातात दिली, एवढंच. घोडी सगळ्यांत शेवटी चालते. काका अजून शेवटी चालतात. घोडी दोनदा बदलली.

आमचं घर लवळ्याच्या डोंगराच्या उतारावर आहे, दोन खोल्या आणि बाजूला मेंढरांचा वाडा. वर कॉलेजं आहेत. तिथली मुलं रविवारी येऊन आमच्या मेंढरांबरोबर फोटो काढतात आणि मेंढराला नाव विचारतात. जेवायला बसलो तेव्हा मी सांगून टाकलं. आधी जरा घोळ झाला, कारण मी सुरुवात बेलीझपासून केली. मग मोबाइल काढून चौथा दिवस वाचून दाखवला. आण्णा भाकरी मोडता मोडता थांबले.

“म्हंजी मी मेलो?”

“तिकडं. कागदावर.”

“कसा?”

“बुडून.”

“कुटं?”

“समुद्रात. मासे धरायला गेला होता तुम्ही.”

आण्णांनी विचार केला. “पवता येत न्हाई मला,” ते म्हणाले. “बुडनारच.” आणि त्यांनी भाकरी मोडली.

“ह्यो मासं धरनार?” आई म्हणाली. “ह्याला खुराड्यातली कोंबडी धरवत न्हाई, मी धरून देती. लिव्हायचं तर जरा इचारून तरी लिव्हावं.”

“आगं, मेलोय न्हवं मी? आता कशाला माजी लाज काडतीस?”

“आन मी एकटीच हाय तितं,” आई मला म्हणाली. “लेकरं?”

“लेकरं नाही लिहिली.”

“तू बी न्हाईस?”

मी म्हणालो की मीच ते लिहितोय, तर मी त्यात कसा असणार. हे मला तर्काला धरून वाटलं होतं. आईनं माझ्या ताटात कोरड्यास वाढलं, पुरे म्हणालो तरी वाढलं, आणि चुलीकडं तोंड करून बसली. जी बाई जेवण होईपर्यंत काही विचारत नाही तिनं जेवताना मला दोन प्रश्न विचारले होते आणि दोन्हींची उत्तरं मी देऊन बसलो होतो. आण्णांनी हात धुतला. बराच वेळ टॉवेलला पुसला. मग म्हणाले, “तू गेलावतास का रं तितं?” मी म्हणालो, नाही. “आन हाय म्हून सांगितलंस. किती मानसं हायेत मागं?” नऊ, मी म्हणालो. आण्णांनी मान हलवली, आकडा बरोबर असल्यासारखी, आणि ते वाड्याकडं मेंढरं बघायला गेले.

सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी जालिंदरकाकांना गाठलं. ते उतारावर घोडीच्या पायातला काटा काढत होते. मी विचारलं, “काका, त्या टायमाला तुम्ही काय करायला पाहिजे होतं?” कुठल्या टायमाला, असं त्यांनी विचारलं नाही. इतकी वर्षं ते जणू ह्या प्रश्नाची वाट बघत घोडीमागं चालत होते. “सांगायचं व्हतं,” ते म्हणाले. “नांद्यापासनं नेऱ्यापोत्तर तोंडावर व्हतं. तुजा आज्जा माज्या म्होरं चार पावलं चालत व्हता. म्हनलं, नांदं सोडू, मंग सांगू. मंग म्हनलं वढा उतरू. मंग म्हनलं आता पोचल्यावर बगू. पोचल्यावर काय बगतुयास? पत्रं.” काटा निघाला. त्यांनी तो मला दाखवला, बाभळीचा, चांगला बोटभर. “सांगितलं असतं तर चार शिव्या पडल्या असत्या. शिव्या म्हंजी काय, वारा. त्याच वक्ताला शिव्या न्हाई पडल्या.” मग ते घोडीला म्हणाले, “चल गं बाय,” आणि घोडी आणि मी, आम्हा दोघांपैकी तीच निघाली. मी तिथंच उभा होतो. खाली नेऱ्याच्या बाजूला धुरकट उजेडात टॉवर दिसत होते आणि मला वाटत होतं की आत्ता, ह्या क्षणी, मी नांद्यात आहे.

नलिनीताई बुधवारी अकराला आल्या. मी त्यांना खाली मोमोवाल्याच्या बाकड्यावर बसवलं, कारण वर विश्राम ऐकत होता. जिममधून धप्प धप्प वजनं टाकल्याचा आवाज येत होता. मी सांगितलं. सरळ सांगितलं; बोलताना मध्येच विनोद करायची मला सवय आहे, ती ह्या वेळी जमली नाही, कारण जे घडलं होतं त्यात विनोदाला जागाच उरली नव्हती. त्या ऐकत होत्या तसं बहुधा खिडकीत ऐकत असणार: मान थोडी तिरकी, नजर माझ्या कपाळाच्या जरा वर, जणू माझ्यामागं अजून वीस माणसं रांगेत आहेत.

“म्हणजे बाई नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“नदी?”

“नदी आहे.”

“गाव?”

“गाव आहे. लोक पाहुणे ठेवतात घरी, हे पण खरंय. फक्त कोण ठेवतं, ते मला माहीत नाही.”

“माकडं?”

“माकडं शंभर टक्के.”

“म्हणजे ज्या गाडीची मी चौकशी केली तेवढीच रद्द आहे.” त्यांनी प्रश्नांच्या कागदाची चौकोनी घडी घातली, तिची आणखी घडी घातली. “एकोणतीस वर्षांत, मल्हार, मी नसलेल्या गाडीला आहे म्हटलं नाही. लोक आईवरनं बोलायचे. काच फोडली एकदा. ‘आहे’ म्हटलं असतं तर गप बसले असते, फलाटावर जाऊन उभे राहिले असते. सोपं असतं ते. उभं राहणारा माणूस परत खिडकीशी येत नाही, तुला माहितेय? तो तिथंच वाट बघतो. तासन् तास. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.” मी सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, “हो, ते म्हणायला पाहिजेच.” मोमोवाला येऊन विचारून गेला, व्हेज का चिकन. मग त्या एकदम म्हणाल्या, “पण हे तुला सुचलं कुठनं? आधी भाकरी, मग नाव. हे काही ऑफिसात बसून सुचायचं नाही.” मी म्हणालो, माझी आई तशी आहे. “कुठं असते?” लवळ्याला, मी म्हणालो. त्यांनी घड्याळ बघितलं. “चौदा किलोमीटर,” त्या म्हणाल्या. “रविवारी येते.”

आणि त्या आल्या. रिक्षावाल्यानं त्यांना डोंगराच्या पायथ्याशी सोडलं आणि त्या आपली पर्स छातीशी धरून चढत आल्या, मध्ये दोन मेंढरांना वाट देत. आईनं पाणी दिलं. ज्वारीची भाकरी, लसणाचा खरडा, दूध. काही विचारलं नाही. नलिनीताई जेवल्या. आई समोर बसून त्यांच्या हाताकडं बघत होती, भाकरी संपत आली की दुसरी टाकत होती. जेवण झालं, हात धुतले, आता ती विचारेल म्हणून मी वाट बघत होतो. आई गप्प. नलिनीताई गप्प. वर कॉलेजच्या मैदानात कुणीतरी माइक टेस्टिंग, माइक टेस्टिंग करत होतं. दहा मिनिटं गेली. नलिनीताईंनी पदर सारखा केला, छपराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांना हवं होतं तेच चाललं होतं, आणि ते चालू असताना त्यांच्या चेहऱ्यावर मी एसटी स्टँडवरच्या शेवटच्या प्रवाशासारखं काहीतरी बघितलं. शेवटी त्याच म्हणाल्या, “तुम्ही काही विचारलं नाहीत.” आई जरा लाजली. “काय इचारू?” ती म्हणाली. “ह्यानं समदं सांगितलंय. मालक गेलं तुमचं. वरीस झालं. पोरगी परदेशात. मंग काय ऱ्हायलं?” नलिनीताईंनी मान हलवली. “नाही,” त्या म्हणाल्या. “काही नाही राहिलं.” मला पुन्हा लोखंडाची चव आली. मी नुसतं तिथलं खोटं लिहिलं नव्हतं, इथलं खरंही आधीच सांगून संपवून ठेवलं होतं.

आण्णा तेवढ्यात वाड्यातून आले. नलिनीताईंना त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, “मीच त्यो, बुडालेला.” त्या हसल्या, मोठ्यानं, आणि हसू थांबल्यावरही जरा वेळ हसत राहिल्या. मग आण्णांनी त्यांना सांगितलं की आमच्यात पुढं एक माणूस जातं, ते बघून येतं, मग बाकीचे हलतात. “मग आता कोण जाणार पुढं?” त्यांनी विचारलं. आण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. “ह्यो न्हाई,” ते म्हणाले. रागानं नाही. पाऊस नाही म्हणावं तसं. काकांसारखं न करता मी नेऱ्याला पोचायच्या आत सांगितलं होतं, पण त्याचीही किंमत हीच होती. नलिनीताईंनी पदर खोचला. “माझ्याकडं व्हिसा आहे,” त्या म्हणाल्या. “आणि मला ‘नाही’ म्हणता येतं.”

सोमवारी मी नऊ जणांना मेल केली. चौथा दिवस खोटा आहे, क्षमस्व, मल्हार. दिग्विजयला सीसीत ठेवलं. तो टेबलाशी आला आणि म्हणाला, “तुझ्या आजोबानं माझ्या आजोबाच्या रानात मेंढ्या बसवल्या. तू माझ्या ऑफिसात बाई बसवलीस.” मला वाटलं, गेली नोकरी. पण चार जणांनी नाव काढलं, चार राहिले, आणि पुढं जायची तयारी असलेल्या एकट्या नलिनीताई होत्या, त्याही तिकीट स्वतः काढून. दिग्विजयच्या लक्षात आलं की यात त्याचा एका तिकिटाचा फायदा आहे. “बरं,” तो म्हणाला. “बाई पुढं जातील. तू मागं. बाईंनी बघितलं तेवढंच लिहायचं. एक टूकन जास्त घातलास तरी तू बाहेर.” विश्रामनं माझ्या व्हिसाची फाइल खणात टाकली. त्याला बरं वाटलेलं दिसत होतं. मग सतरा दिवस मी काहीच लिहिलं नाही. कागदावर तीन दिवस होते, चौथा कोरा होता, पाचव्यापासून पुन्हा माकडं. त्या कोऱ्या जागेत आता कुणी झोपत नव्हतं आणि माझा डबा मी पूर्ण संपवत होतो.

अठराव्या दिवशी संध्याकाळी सहाला फोन आला. तिकडं सकाळचे साडेसहा. कोंबडा, मागं जात्यासारखी घरघर, कुणीतरी खोकतंय. “लिहायला घे,” नलिनीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज खिडकीतला होता. “छप्पर पत्र्याचं आहे. ताडाचं नाही, ताडाचं शेजारच्यांचं. नदी अर्ध्या तासावर, चिखल आहे, चपला नकोत. संडास साधा, घरामागं, कडी आतून लागत नाही, हातानं धरावं लागतं. माकडं पहाटे चारला सुरू होतात, त्याबद्दल तू लिहिलंस ते कमीच आहे. बाईचं नाव मिस फेलिसिया. नवरा जिवंत आहे, इथंच बसलाय, खोकतोय.” मी टाइप करत होतो. दिग्विजय मागं येऊन उभा राहिला होता. “काल दुपारी पोचले. तिनं मला दारात उभं केलं आणि विचारलं. नाव काय. वय काय. एकटी का. नवरा कुठाय. मी म्हटलं, वारले. तर म्हणे, कशानं? मी सांगितलं. तर म्हणे, कधीपासून दुखत होतं? मग म्हणे, तू तेव्हा कुठं होतीस?” घरघर थांबली, पुन्हा सुरू झाली. “हे मला कुणी विचारलं नव्हतं रे. सगळे विचारतात, ते शेवटी काय बोलले. मी कुठं होते ते कुणी नाही. मी खाली दूध आणायला गेले होते. बॅग खांद्याला तशीच, मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. इंग्रजीत. मला वाटतं वीस मिनिटं. ती मध्ये मध्ये विचारतच होती, दूध कुठल्या दुकानातनं, किती जिने. मग म्हणाली, आत ये.”

मी विचारलं, “हे लिहू का?”

“दूध नको लिहूस,” त्या म्हणाल्या. “पण बाकीच्यांना आधी कळलेलं बरं. नाहीतर दारात गोंधळतील.”

दिग्विजय म्हणाला, “विचार, जेवण कसंय.” मी त्याला हात करून गप्प बसवलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं: “दिवस चौथा. पोचल्यावर लगेच जेवण मिळत नाही. आधी विचारतात.”

“वाचून दाखव,” नलिनीताई म्हणाल्या. मी दाखवलं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि पलीकडून कुणीतरी त्यांना काहीतरी विचारलं म्हणून त्यांनी फोन ठेवला.